प्रोटॉनचं वजन आणि दौलताबादचे पेरू

फर्स्ट इयरची गोष्ट आहे. फिजिक्सच्या युनिट टेस्टचे पेपर वाटले गेले आणि माझा रूम पार्टनर त्या रात्री मेसला आलाच नाही. रूमवर जाऊन बघतो तर पठ्ठ्या पेपर उलटा ठेवून भिंतीकडे तोंड करून पडलेला. पन्नासपैकी अठरा. पासिंगला वीस. आणि ज्या प्रश्नाचे दोन मार्क गेले होते, तो प्रश्न असा :

"प्रोटॉनचे वस्तुमान १.६७ × १०^-२७ कि.ग्रॅ. आहे. योग्य उपसर्ग वापरून ते लिहा."

(छपाईच्या सोयीसाठी १० चा उणे २७ वा घात मी या लेखात १०^-२७ असा लिहिणार आहे. सवय करून घ्या!)

पार्टनरने उत्तर लिहिलं होतं : १.६७ रोंटोग्रॅम. त्याचं म्हणणं, "अरे, पुस्तकातल्या टेबलमध्ये स्पष्ट दिलंय, रोंटो म्हणजे १०^-२७. मग चुकलं कुठे? सरांनी उगाच कापले." थोड्या वेळाने मात्र खरं दुखणं बाहेर आलं. "आपण जिल्हा परिषदेच्या शाळेतले. हे झेप्टो, योक्टो, रोंटो आपल्यासाठी नाहीतच. कॉन्व्हेंटवाल्या पोरांना बरोबर जमतं."

हे वाक्य आपल्या हॉस्टेलमध्ये दर वर्षी कुणी ना कुणी बोलतंच. म्हणून हा लेखप्रपंच. कारण ती चूक इंग्रजीची नव्हती, आणि हुशारीची तर नव्हतीच नव्हती.

पन्नास ग्रॅमच्या खाली कोण तोलतंय?

दुसऱ्या दिवशी रविवार. त्याचा मूड ठीक करायला म्हणून आम्ही चौघं सायकली काढून वेरूळ रोडने दौलताबादला गेलो. डिसेंबरचे दिवस. किल्ल्याच्या दरवाज्यासमोर पेरूवाल्या बसलेल्या. एका मावशींकडे दोन पारड्यांचा तराजू होता. पार्टनरने सहज विचारलं, "मावशी, तुमच्याकडचं सगळ्यात लहान वजन कोणतं?"

"पन्नास ग्रॅमचं हाय. त्याच्या खाली कोण तोलतंय बाबा?"

खरं आहे. पेरूला त्याच्या खालचं माप लागत नाही. पण शहरात सराफ्यात जा. तिथे पन्नास ग्रॅमचं वजन काय कामाचं? तिथे मिलिग्रॅमचा हिशोब. मेडिकलच्या दुकानात थायरॉइडची गोळी मागा, ती मायक्रोग्रॅममध्ये. म्हणजे जशी वस्तू तसं माप. माप वस्तूच्या अंगाचं नसेल तर आकडा नुसता शून्यांनी भरतो आणि आपल्या हाती काही लागत नाही.

प्रोटॉनचं तेच. किलोत लिहायचं तर दशांशचिन्हानंतर आधी २६ शून्यं, मग १६७. इलेक्ट्रॉनसाठी ३० शून्यं, मग ९११. वहीतली एक ओळ शून्यातच जाते! म्हणून शास्त्रज्ञांनी उपसर्गांची शिडी केली. ती एकदा नीट बघून घेऊ.

मिली : १०^-३
मायक्रो : १०^-६
नॅनो : १०^-९
पिको : १०^-१२
फेम्टो : १०^-१५
अॅटो : १०^-१८
झेप्टो : १०^-२१
योक्टो : १०^-२४
रोंटो : १०^-२७
क्वेक्टो : १०^-३०

ही शिडी एका दिवसात झाली नाही. १९६० मध्ये एसआय पद्धत आली तेव्हा ती पिकोपर्यंत होती. फेम्टो आणि अॅटो १९६४ मध्ये, झेप्टो आणि योक्टो १९९१ मध्ये आले. शेवटचे दोन, रोंटो आणि क्वेक्टो, नोव्हेंबर २०२२ मध्ये फ्रान्समधल्या वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मंजूर झाले. म्हणजे आपल्या सीनियर्सच्या पुस्तकात ते सापडणारच नाहीत. सेकंडहँड पुस्तक घेणाऱ्यांनी नोंद घ्यावी!

पाठ करायची युक्ती सांगतो. फेम्टो आणि अॅटो हे शब्द डॅनिश-नॉर्वेजियन भाषेतल्या पंधरा आणि अठरा या आकड्यांवरून आले. झेप्टोच्या मागे सात आहे, योक्टोच्या मागे आठ, रोंटोच्या मागे नऊ आणि क्वेक्टोच्या मागे दहा. आता या आकड्यांना तीनने गुणा : २१, २४, २७, ३०. झाला घात तयार! तीनचा पाढा आपल्या सगळ्यांना दुसरीतच पाठ झालाय. मराठी मीडियमचा असा फायदाही असतो.

पाणी मुरतं ते 'किलो'त

आता पार्टनरच्या उत्तराकडे येऊ. १०^-२७ म्हणजे रोंटो, हे बरोबर. मग १.६७ × १०^-२७ कि.ग्रॅ. म्हणजे १.६७ रोंटो... काय? रोंटो-किलोग्रॅम! आणि असं एकक नसतं.

एसआय पद्धतीतली ही एक गंमतच आहे. लांबीचं मूळ एकक मीटर, वेळेचं सेकंद. दोन्ही साधे, बिनउपसर्गाचे. वस्तुमानाचं मूळ एकक मात्र किलोग्रॅम. त्याच्या नावात 'किलो' हा उपसर्ग आधीच बसलेला आहे. नियम असा की एका एककाला एकच उपसर्ग लागतो. म्हणून बाकीचे सगळे उपसर्ग ग्रॅमला लावतात, किलोग्रॅमला नाही. किलोचा दहा लाखावा भाग म्हणजे मायक्रोकिलोग्रॅम नव्हे, तर एक मिलिग्रॅम.

म्हणजे पहिलं काम : किलो काढून टाका. एक किलो म्हणजे हजार ग्रॅम, हे पेरूवाल्या मावशींनाही माहीत आहे.

१.६७ × १०^-२७ कि.ग्रॅ.
= १.६७ × १०^-२७ × १००० ग्रॅम
= १.६७ × १०^-२४ ग्रॅम
= १.६७ योक्टोग्रॅम

पार्टनरचं उत्तर हजारपट हलकं आलं होतं. दोन मार्क तिथे गेले.

ही चूक वरच्या बाजूलाही होते. पृथ्वीचं वस्तुमान ५.९७ × १०^२४ कि.ग्रॅ. आहे. २०२२ मध्येच मोठ्या बाजूला रोना (१०^२७) आणि क्वेटा (१०^३०) हे उपसर्ग आले. पृथ्वी सुमारे सहा रोनाग्रॅमची. घाईत १०^२४ बघून 'योटाग्रॅम' लिहिणाऱ्याची पृथ्वी हजारपट हलकी होते!

इलेक्ट्रॉनला कुठे बसवायचं?

इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ९.१०९ × १०^-३१ कि.ग्रॅ. किलो काढला की ९.१०९ × १०^-२८ ग्रॅम. पण २८ हा तीनच्या पाढ्यात नाही. म्हणून दुसरं काम : घात तीनच्या पाढ्यात आणा. दोन वाटा आहेत.

वर गेलो तर ०.९१०९ × १०^-२७ ग्रॅम = ०.९१ रोंटोग्रॅम.
खाली गेलो तर ९१०.९ × १०^-३० ग्रॅम = ९११ क्वेक्टोग्रॅम.

दोन्ही बरोबर. इथे गोंधळ झाला तर एवढंच लक्षात ठेवा : माप लहान केलं की आकडा मोठा होतो. एक रुपया म्हणजे शंभर पैसे, तसंच. २०२२ च्या आधी याच इलेक्ट्रॉनला ०.०००९११ योक्टोग्रॅम म्हणावं लागायचं. नवे उपसर्ग मुख्यतः संगणकातल्या माहितीच्या अवाढव्य आकड्यांसाठी आले. पण त्यांच्या जोडीने आलेल्या छोट्या उपसर्गांमुळे इलेक्ट्रॉनलाही अंगाचा सदरा मिळाला.

तिसरं काम सगळेच टाळतात : उत्तर तपासणं. तेही सोपं आहे. हायड्रोजनच्या एका मोलमध्ये ६.०२२ × १०^२३ अणू असतात आणि त्यांचं वजन साधारण एक ग्रॅम, हे आपण अकरावीत शिकलो. हायड्रोजनच्या अणूचं जवळजवळ सगळं वजन त्याच्या प्रोटॉनमध्ये. आता १.६७ योक्टोग्रॅमला त्या संख्येने गुणा. सुमारे १.००६ ग्रॅम येतं. बरोबर! पार्टनरच्या १.६७ रोंटोग्रॅमने गुणलं तर येतो एक मिलिग्रॅम. म्हणजे केमिस्ट्रीच्या लॅबमधला सगळा हायड्रोजन हजारपट हलका. अर्ध्या मिनिटाच्या या गुणाकाराने त्याचे दोन मार्क वाचले असते.

आणि प्रश्न नुसत्या मार्कांचा नाही. जुलै १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानात इंधन भरताना किलोऐवजी पौंडाचा गुणक वापरला गेला. अर्ध्या वाटेत, हवेत असताना दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते विमान ग्लायडरसारखं गिम्ली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं म्हणून माणसं वाचली. १९९९ मध्ये नासाचं मंगळयान पौंड आणि न्यूटनच्या घोळातच गेलं. तिथले इंजिनिअर आपल्यापेक्षा कमी शिकलेले नव्हते.

देवगिरीचा गोंधळ

पेरू खात आम्ही खंदक ओलांडून अंधारीत शिरलो. किल्ल्यातला तो काळोखा भुयारी रस्ता तुम्हाला माहीतच आहे. मोबाइलचा टॉर्च लावला तर झोतात धुळीचे कण तरंगताना दिसले. मला एक जुनं कोष्टक आठवलं. स्मृतिग्रंथांत सोनं तोलण्याच्या मापांची सुरुवातच अशा कणापासून होते. उन्हाच्या कवडशात तरंगताना दिसणारा कण म्हणजे त्रसरेणू. आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, तीन लिक्षांची एक राजसर्षप म्हणजे मोहरी, तिच्या तिप्पट गौरसर्षप, त्याच्या सहापट यव आणि तीन यवांची एक गुंज. गुणाकार करा : १२९६ त्रसरेणूंची एक गुंज.

आपल्याकडे ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा धरतात. तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणून गुंज सुमारे ०.१२ ग्रॅमची. त्यावरून त्रसरेणू येतो साधारण ९४ मायक्रोग्रॅमचा. खरा धूलिकण याहून पुष्कळ हलका असतो, पण डोळ्याला दिसतं तिथपर्यंत माप नेऊन भिडवायची जिद्द बघा! आणि या एका 'त्रसरेणू'त प्रोटॉन-न्यूट्रॉन मोजायचे तर ५६ वर १८ शून्यं इतके भरतील.

दौलताबाद म्हणजे जुनी देवगिरी, यादवांची राजधानी. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला. तिथला इ.स. १२०७ चा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० ची. त्या पुस्तकाच्या सुरुवातीला काय आहे? मापांची कोष्टकं! आधी एककं, मग गणित. आपल्या फिजिक्सच्या पुस्तकाचा पहिला धडाही तोच असतो, आणि आपण तोच ऑप्शनला टाकतो.

पण गंमत पुढेच आहे. लीलावतीत दोन यवांची गुंज, तर स्मृतीत तीन यवांची. लीलावतीतला माष पाच गुंजांचा, तर आपल्या सोनारांचा मासा आठ गुंजांचा. नाव एक, वजन वेगळं! एका गावचा मासा दुसऱ्या गावी चालेना. याच किल्ल्यातून कारभार हाकलेल्या मुहम्मद तुघलकाने तर चौदाव्या शतकात तांब्या-पितळेच्या नाण्याला चांदीच्या टंक्याची किंमत ठरवून दिली. लोकांनी घरोघरी नाणी पाडली आणि शेवटी त्याला ती योजना मागे घ्यावी लागली. नाव बदलल्याने वजन बदलत नाही. म्हणून एसआय पद्धतीची ही शिस्त पाळायची. ती कंटाळवाणी वाटते, पण तिच्यामुळेच दौलताबादचा ग्रॅम आणि जिनिव्हाचा ग्रॅम एकच आहे.

दोन पिशव्यांमधला फरक

आता या सगळ्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग. पुस्तकात प्रोटॉन १.६७ आणि न्यूट्रॉनही १.६७ असंच दिलेलं असतं. मग दोघं सारखेच का? तिघांनाही रोंटोग्रॅममध्ये लिहून बघू.

प्रोटॉन : १६७२.६२ रोंटोग्रॅम
न्यूट्रॉन : १६७४.९३ रोंटोग्रॅम
इलेक्ट्रॉन : ०.९१ रोंटोग्रॅम

क्षणभर रोंटोग्रॅमच्या जागी ग्रॅम समजा. प्रोटॉन म्हणजे पेरूची पिशवी, पावणेदोन किलोला जरा कमी. न्यूट्रॉन म्हणजे तसलीच दुसरी पिशवी, सव्वादोन ग्रॅमने जड. इलेक्ट्रॉन मासाभरही नाही, साडेसात गुंजा फक्त. मावशींच्या तराजूवर, जिथे सगळ्यात लहान वजन पन्नास ग्रॅमचं, तिथे दोन्ही पिशव्या सारख्याच भरणार. आपण दोन्हीकडे १.६७ लिहितो तेव्हा नेमकं हेच करतो. फरक असतो, आपण तो पुसून टाकतो.

आणि हा फरक साधासुधा नाही. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा २.३१ रोंटोग्रॅमने जड. त्यातून इलेक्ट्रॉनचे ०.९१ वजा केले तर उरतात सुमारे १.४ रोंटोग्रॅम. म्हणजे न्यूट्रॉन हा प्रोटॉन अधिक इलेक्ट्रॉन या जोडीपेक्षाही जड आहे. म्हणून अणुगर्भाबाहेरचा मोकळा न्यूट्रॉन टिकत नाही. सरासरी ८८० सेकंदांत, म्हणजे आपला चहाचा ब्रेक संपायच्या आत, त्याचा प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि अँटीन्यूट्रिनो होतो. उरलेल्या १.४ रोंटोग्रॅमची आइनस्टाइनच्या सूत्राप्रमाणे ऊर्जा होते.

आता उलट विचार करा. समजा हा फरक २.३१ ऐवजी ०.९१ पेक्षा कमी असता. मग हायड्रोजनमधली प्रोटॉन-इलेक्ट्रॉनची जोडी न्यूट्रॉनपेक्षा जड ठरली असती आणि हायड्रोजनचाच न्यूट्रॉन झाला असता. हायड्रोजन नाही म्हणजे पाणी नाही, आपल्या सूर्यासारखे तारे नाहीत. पेरू नाहीत, किल्ला नाही, आणि युनिट टेस्टही नाही! दीड रोंटोग्रॅमहूनही कमी अशा फरकावर हा सगळा पसारा उभा आहे. तो दिसायला माप मात्र त्याच्या अंगाचं हवं.

मग शास्त्रज्ञ रोंटोग्रॅम वापरतात का?

खरं सांगायचं तर, फारसे नाही. कणांच्या जगात वस्तुमान ऊर्जेच्या मापात, मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये (आपण मेव्ह म्हणू), सांगतात. इलेक्ट्रॉन ०.५११ मेव्ह, प्रोटॉन ९३८.२७ मेव्ह. पण दोन्ही भाषांमधला पूल अगदी सोपा आहे : १ मेव्ह म्हणजे सुमारे १.७८३ रोंटोग्रॅम. एवढा एक आकडा लक्षात ठेवला की तुम्ही कुठल्याही कणाचं वस्तुमान ग्रॅमच्या कुटुंबात आणू शकता.

कुणी विचारेल, हे कण तोलतात तरी कसे? पारड्यात घालून नक्कीच नाही. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर काढलं. पुढे मिलिकनने तेलाच्या थेंबांच्या प्रयोगात भार मोजला. एकाला दुसऱ्याने भागलं की वस्तुमान मिळालं. आज चुंबकीय सापळ्यात कण फिरवतात आणि तो किती वेगाने फेऱ्या मारतो यावरून वस्तुमान काढतात. जड कण सावकाश फिरतो, हलका भरभर.

शिडीच्या खालीही काही आहेच. १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा पकडल्या. या न्यूट्रिनोचं वस्तुमान अजून नक्की ठरलेलं नाही. जर्मनीतल्या कॅट्रिन प्रयोगाने २०२५ मध्ये सांगितलं, की ते ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा कमी आहे. आपल्या मापात ते होतं ०.०००८ क्वेक्टोग्रॅमपेक्षा कमी. म्हणजे सगळ्यात लहान उपसर्ग लावूनही पुन्हा शून्यं आलीच! मावशींचं वाक्य इथे आठवतं. पन्नास ग्रॅमच्या खाली तोलणारे कुणी ना कुणी निघतातच, आणि मग नवं वजन पाडावं लागतं.

जाता जाता

परतताना पार्टनर सायकल चालवता चालवता मोठ्याने म्हणत होता, "किलो काढ, तीनचा पाढा, मोलने तपास." आम्ही वैतागलो होतो. पण रिटेस्टला न्यूट्रॉनचा प्रश्न आला आणि त्याने १.६७५ योक्टोग्रॅम लिहून खाली गुणाकाराचा ताळासुद्धा दिला. पन्नासपैकी एकतीस. आता तो दर वर्षी नव्या पोरांना रूमवर बोलावून हेच शिकवतो, तेही मराठीतून. तुम्हीही जा. पेरू मात्र तुम्ही न्यायचे.

आणि हा गृहपाठ : वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होणारे म्यूऑन आत्ता, हे वाचत असताना, तुमच्या तळहातातून दर सेकंदाला एखाद-दुसरा आरपार जातोय. त्याचं वस्तुमान १०५.६६ मेव्ह. किती रोंटोग्रॅम? उत्तर १८८ च्या आसपास आलं तर समजा, जमलं. ०.१८८ आलं, तर किलो कुठे राहिला ते शोधा!

— एक हॉस्टेलवासी, तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी